वाचक विचारतात : चार कोटी डोनर आहेत, मग माझ्या मुलाला एकही का नाही?

मागच्या अंकात स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, त्यांच्या डोनेशनवर चार ओळी लिहिल्या होत्या, म्हणजे गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, रजिस्ट्रीत नाव जातं, आणि कुणा पेशंटशी टिश्यू टायपिंग (पेशींवरच्या ओळखखुणा) जुळलं तरच बोलावणं येतं, एवढंच. त्यावर इतके मेल आलेत की यावेळचं सदर त्यालाच देतेय. मी बरीच वर्षं टायपिंगच्या लॅबमध्ये काढलीत, ट्रान्सप्लांट करणारी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांचे प्रश्न तुमच्या डॉक्टरांना विचारा, मी फक्त मॅचिंगबद्दल बोलणार.

प्रश्न : माझ्या १४ वर्षांच्या मुलाला एएमएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर आहे. केमोने सध्या आटोक्यात आलंय पण ट्रान्सप्लांट लागेल म्हणतात. धाकटी बहीण पूर्ण मॅच झाली नाही. मग जगभरच्या लिस्टमध्ये शोधलं, तिथे चार कोटी लोक आहेत म्हणे आणि त्यात एकही जुळत नाही. हे कसं शक्य आहे? आमच्यातच काही खोट आहे का? दोघा भावंडांचे रिपोर्ट पाठवतेय. (एक आई, डोंबिवली)

उत्तर : ताई, खोट वगैरे काही नाही, ते आधी डोक्यातून काढा. रिपोर्टमध्ये जे ए, बी, सी, डीआरबी१, डीक्यूबी१ लिहिलंय त्या एचएलएच्या जीन्स, म्हणजे पेशींवरच्या त्या ओळखखुणा ठरवणाऱ्या, सहाव्या क्रोमोसोमवर जवळजवळ बसलेल्या. प्रत्येकीची एक प्रत आईकडून आणि एक बाबांकडून, म्हणून पाच दुणे दहा आणि म्हणून ते "दहापैकी दहा". आता गंमत अशी की माणसाच्या बाकीच्या बहुतेक जीन्स माणसामाणसांत जवळपास सारख्याच असतात, पण एचएलएचे आजपर्यंत नाव दिलेले प्रकार ४० हजारांच्या पुढे गेलेत. त्यातले बहुतेक अगदी दुर्मिळ आहेत, एखाद्या घराण्यात सापडलेले, पण नेहमी दिसणारे सुद्धा भरपूर आहेत.

हे प्रकार सुटे सुटे मिळाले असते तर जगात कुणाचं कुणाशी जुळलंच नसतं. पण ते राइस प्लेटसारखे येतात, म्हणजे भाजी ही हवी आमटी ती हवी असं निवडता येत नाही, जे ताट ठरलंय ते अख्खं उचलायचं. या अख्ख्या ताटाला हॅप्लोटाइप म्हणतात. आईकडे दोन ताटं, बाबांकडे दोन, मुलाला प्रत्येकाकडून एकेक. म्हणून सख्खं भावंड पूर्ण जुळायची शक्यता २५ टक्के, दोन भावंडं असतील तर दोघांपैकी कुणीतरी जुळायची ४४ टक्क्यांच्या आसपास, आणि एकच असेल आणि नशीब नसेल तर तुमच्यासारखं होतं.

आता तुमच्या मुलाचा रिपोर्ट बघा. त्यात ए*३३:०३ (म्हणजे ए या जीनचा ३३:०३ नंबरचा प्रकार, पुढेही तसंच वाचा), बी*४४:०३ आणि डीआरबी१*०७:०१ आहे. बहिणीच्या रिपोर्टमध्ये हीच रांग आहे आणि उरलेले सगळे वेगळे, म्हणजे हे एक अख्खं ताट दोघांना एकाच पालकाकडून आलंय. हे भारतात खूप दिसणारं ताट आहे, एकटं हेच असतं तर डोनर शोधायला त्रास नव्हता. अडचण दुसऱ्या पालकाकडून आलेल्या ताटात आहे. तिथे ए*०२:११ आहे आणि त्याच्यासोबत असा बी आहे जो त्याच्याबरोबर सहसा दिसत नाही. या ए२ बद्दल जरा सांगते कारण इथेच सगळी गोम आहे. जुन्या पद्धतीच्या टेस्टमध्ये फक्त "ए२" एवढंच कळायचं. युरोपात ए२ म्हटलं की बहुतेक वेळा ०२:०१ निघतो. आपल्याकडे ए२ उघडून बघितला की ०२:११ निघतो, ०२:०६ निघतो, ०२:०३ निघतो, ०२:०१ पण असतोच. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. नरिंदर मेहरा आणि त्यांच्या टीमने याच्यावर पुष्कळ काम केलंय. म्हणजे जर्मनीतल्या हजारो "ए२" वाल्या डोनरपैकी तुमच्या मुलाच्या उपयोगाचा जवळपास कुणी नाही, वरवर बघता नाव तेच असलं तरी.

आणि मग तुमचा खरा प्रश्न, चार कोटी. तर हे चार कोटी आहेत कोण? एकट्या जर्मनीत साधारण एक कोटी नोंदलेले आहेत, लोकसंख्या तिथली सव्वाआठ कोटींच्या घरात, म्हणजे आठ-नऊ माणसांमागे एक! उरलेल्यांतही अमेरिका, ब्रिटन, पोलंड, ब्राझील असे देश भरपूर आहेत. आणि आपण १४० कोटी, सगळ्या भारतीय रजिस्ट्र्या मिळून काही लाख. चार कोटी हा आकडा ऐकायला मोठा वाटतो पण तुमच्या मुलासाठी तो चार कोटी नाहीच.

अमेरिकेच्या राष्ट्रीय रजिस्ट्रीने पूर्ण मॅच मिळायच्या शक्यतेचे आकडे दिलेत, गोऱ्या पेशंटना ७९ टक्के, आशियाई वंशाच्यांना ४७, कृष्णवर्णीयांना २९. कृष्णवर्णीयांचा आकडा सगळ्यात खाली आहे त्याची कारणं दोन. नोंदणी कमी, हे आहेच, पण आफ्रिकेत माणूस सगळ्यात जुना असल्यामुळे तिथे जनुकीय विविधताच सगळ्यात जास्त, ताटांचे प्रकारच एवढे की जितके डोनर आणाल तितके कमीच.

उलटं उदाहरण जपानचं. तिथल्या रजिस्ट्रीत डोनर साडेपाच लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याहून फार वेगळे नाहीत, तरी पहिल्याच शोधात नव्वद टक्क्यांहून जास्त पेशंटना निदान एक तरी जुळणारा दिसतो. कारण तिथे थोडीच ताटं पुन्हा पुन्हा येतात, ए*२४:०२, बी*५२:०१, डीआरबी१*१५:०२ हे एकच ताट जपानमधल्या सगळ्या हॅप्लोटाइप्सपैकी आठ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणून मला ते "भारतात इतके लाख डोनर झाले" असे पेपरातले मथळे वाचून फारसं काही होत नाही. किती झाले हे ठीक, पण कुठले झाले ते कुणी छापत नाही. बंगलोर-पुण्याच्या आयटी कंपन्यांत कॅम्प घेणं सोपं असतं म्हणून तिथलेच लोक जास्त येतात, आणि गडचिरोलीचा किंवा नंदुरबारचा मुलगा आजारी पडला की लिस्टमध्ये त्याच्यासारखं कुणीच नसतं.

आता पुढचं, आणि हे महत्त्वाचं. तुमची मुलगी "मॅच झाली नाही" असं नाही, ती अर्धी मॅच आहे. तुम्ही स्वतः आणि मुलाचे बाबा पण अर्धे मॅच आहातच, आईबाप नेहमी असतातच. पूर्वी अर्ध्या मॅचला कुणी हात लावत नसे, पण बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सवाल्यांनी ट्रान्सप्लांटनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड हे औषध देण्याची पद्धत बसवली आणि चित्र बदललं, आता भारतातही ही हॅप्लो, म्हणजे अर्ध्या मॅचची, ट्रान्सप्लांट सर्रास होतात. डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा : हॅप्लोसाठी घरातला कोण योग्य, आणि त्या माणसाच्या एचएलएविरुद्ध मुलाच्या रक्तात अँटीबॉडीज आहेत का त्याची टेस्ट. अजून एक, घरात मामाच्या मुलीशी लग्न वगैरे झालंय का? कारण आईबाबाच जर आते-मामे भावंडं असतील तर कधीकधी दोघांकडे एक ताट सारखं निघतं आणि मग आई किंवा बाबाच पूर्ण जुळतात, चुलत-मावस मंडळींत पण शोधण्यात अर्थ असतो. तसं नसेल तर सगळ्या गोतावळ्याच्या टेस्टवर पैसे घालवू नका, आणि पूर्ण मॅचची वाट बघत महिने घालवू नका, एएमएल थांबत नाही.

प्रश्न : माझं रक्त ओ निगेटिव्ह आहे, सगळ्यांना चालतं. मग स्टेम सेल पण सगळ्यांना चालतील ना? (कॉलेज विद्यार्थी, सांगली)

उत्तर : नाही रे. रक्तगटाचं काम वेगळ्या जीन्सचं, त्या नवव्या क्रोमोसोमवर, आरएचच्या (पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ठरवणाऱ्या) पहिल्यावर. एचएलए जुळत असेल तर वेगळ्या गटाचाही डोनर घेतात, थोडी जास्त काळजी घ्यावी लागते इतकंच, आणि मग पेशंटचा गट काही महिन्यांनी बदलून डोनरचा होतो. लोकांना हे खरं वाटत नाही पण होतं असंच. तू रक्त देत राहा, ओ निगेटिव्ह ब्लड बँकेला कायम हवं असतं, आणि काडी पण फिरवून ये.

प्रश्न : मी पुण्याची, नवरा अमेरिकन, आयरिश वंशाचा. मुलं न्यू जर्सीत वाढतायत. एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं की मिक्स मुलांना कधीच डोनर मिळत नाही. उगाच घाबरवतात की खरं आहे? (न्यू जर्सी)

उत्तर : "कधीच" हे चूक, पण अवघड जातं हे खरं. नवऱ्याच्या बाजूचं ताट समजा ए१-बी८-डीआर३ असेल, आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये हे इतकं नेहमीचं आहे की एचएलएवाले त्याला नंबर घालून ओळखतात, ८.१ म्हणून. आणि तुमच्याकडून समजा ते मघाचं ए३३-बी४४-डीआर७ गेलं. दोन्ही आपापल्या जागी एकदम कॉमन. पण मुलाला हवा असा माणूस ज्याच्यात ही दोन्ही एकत्र आहेत, आणि असा माणूस डब्लिनमध्येही नाही आणि दादरमध्येही नाही, तो बहुतेक तुमच्यासारख्याच एखाद्या घरात असेल. आणि अशा घरांतली मुलं मोठी होऊन किती नोंदवली जातात यावर ते सगळं आलं.

मजा म्हणजे बी८ आपल्याकडेही आहे, पण उत्तर भारतात तो बऱ्याचदा ए२६ बरोबर येतो, ए१ बरोबर नाही. बी८-डीआर३ पर्यंत सगळं सारखं दिसतं आणि ए ला येऊन घोडं अडतं. असे रिपोर्ट लॅबमध्ये आले की नवीन मुलं "अरे हा तर युरोपियन!" म्हणून उड्या मारायची.

तुमच्या मुलांचं आत्ता टायपिंग करून ठेवायची काही गरज नाही. १८ पूर्ण झाली की रजिस्ट्रीत नाव घाला, मिक्स घरातला डोनर रजिस्ट्रीवाल्यांना सोन्यासारखा असतो. आणि भावंडं एकमेकांना २५ टक्केच, तिथे मिक्स असल्याने काहीही फरक पडत नाही, हे त्या बाईंना पण सांगा.

प्रश्न : डोनर कॅम्पच्या फॉर्मवर मातृभाषा आणि मूळ गाव विचारलं होतं, आणि आता आमच्या समाजाच्या ग्रुपवर "आपल्या समाजाची स्वतंत्र डोनर लिस्ट करूया" म्हणून मेसेज फिरतोय. मला हे जातीवादी वाटतं. विज्ञानाच्या नावाखाली हे चालतं का? (कोल्हापूर)

उत्तर : चिडणं समजू शकते. पण यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टायपिंगचं मशीन जात वाचत नाही, ते फक्त ए, बी, सी वाचतं, आणि जुळणारा डोनर कुठलाही चालतो, तो तुमच्या समाजाचा असो, तमिळ असो की लंडनमधला गुजराती. फॉर्मवर विचारतात ते अंदाजासाठी. कुठल्या भागातून नोंदणी कमी आहे, पुढचा कॅम्प कुठे घ्यावा, पेशंटला मॅच मिळायचे चान्सेस किती, हे त्यावरून काढतात.

दुसरी गोष्ट, आपल्याकडे जातीत लग्न करायची पद्धत शे-दोनशे वर्षांची नाही, जनुकीय अभ्यास सांगतात की साधारण दोन हजार वर्षांपूर्वीपर्यंत इथले गट एकमेकांत भरपूर मिसळत होते आणि मग दारं बंद होत गेली. गोव्यात तर धर्म बदलला तरी लग्नं जात बघूनच होत राहिली. दारं बंद झाली की काही ताटं एका गटात साठत जातात आणि दुसऱ्यात दिसेनाशी होतात. मुंबईत परळला केईएम हॉस्पिटलच्या आवारात इम्युनोहेमॅटॉलॉजीची (रक्त आणि रोगप्रतिकारशक्तीच्या अभ्यासाची) राष्ट्रीय संस्था आहे, तिथून मराठी भाषिक, भिल्ल, पारशी अशा गटांच्या एचएलएवर पेपर आलेत, आणि एकाच राज्यातल्या लोकांत किती फरक आहे ते त्यात दिसतं. तर मॅच सापडायची शक्यता आपल्या गटात थोडी जास्त असते, हे नाकारून चालणार नाही. पण म्हणून समाजाची वेगळी लिस्ट करायची हे मात्र मला अजिबात पटत नाही, कारण ती लिस्ट कुणाच्या तरी लॅपटॉपवर पडून राहणार आणि नागपूरच्या पेशंटच्या डॉक्टरला ती दिसणारच नाही. समाजाचा मेळावा आहे ना, तिथे एखाद्या रजिस्ट्रीला बोलवा, नावं जगाच्या यादीत जाऊ द्या. मेळाव्याचा हा उपयोग मला मान्य आहे, वधूवर परिचयापेक्षा बराच.

प्रश्न : शाळेत विज्ञान शिकवतो. निसर्गाने ही एकच गोष्ट एवढी वेगवेगळी का ठेवली असेल? रक्तगट चार, आणि हे हजारो? (शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर : सर, कारण एचएलए ट्रान्सप्लांटसाठी बनलेलंच नाही! त्याचं काम म्हणजे पेशीच्या आत जे काही प्रोटीन आहे त्याचे छोटे तुकडे वर आणून टी-सेलना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींना, दाखवायचे, आत व्हायरस असला की त्याचे तुकडे दिसतात आणि पेशी मारली जाते. तुकडा धरायला त्या रेणूत एक खाच असते, आणि जे फरक आहेत ते जास्त करून त्या खाचेतच आहेत. वेगळी खाच, वेगळे तुकडे. सगळ्यांची खाच एकच असती तर तिच्यात न बसणारा एखादा जंतू आला की गावच्या गाव साफ. म्हणून ज्याच्याकडे दोन वेगळे प्रकार तो फायद्यात, आणि दुर्मिळ प्रकारही टिकून राहतात.

मुलांना सांगायला उदाहरणं : पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात बी५३ असलेल्या मुलांना गंभीर मलेरिया कमी होतो असं १९९१ मध्ये दिसलं. बी५७ असलेल्या बऱ्याच जणांत एचआयव्ही हळू पुढे सरकतो. फुकट काही नसतं म्हणा, बी२७ वाल्यांना पाठीचा कणा आखडण्याचा आजार व्हायची शक्यता जास्त, आणि बी*१५:०२ असेल तर फिट्सच्या कार्बामॅझेपिन या गोळीने कातडी सोलून निघण्याइतकी भयंकर रिअॅक्शन येऊ शकते. हा प्रकार दक्षिण-पूर्व आशियात आणि चिनी लोकांत बराच, आपल्याकडे थोडा, युरोपात जवळपास नाही, म्हणून अमेरिकेच्या एफडीए या औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने २००७ मध्ये आशियाई वंशाच्या लोकांना ही गोळी देण्याआधी टेस्ट करा म्हणून सांगितलं.

आणि अमेरिकेतले मूळ रहिवासी बघा, आशियातून थोडेच लोक तिकडे गेले त्यामुळे एचएलएचे मोजकेच प्रकार सोबत गेले, पण दक्षिण अमेरिकेत पोचेपर्यंत बी मध्ये नवे प्रकार तयार झालेले सापडतात, जुन्याच प्रकारांचे तुकडे इकडचे तिकडे जोडून केलेले.

तुम्हाला आवडेल म्हणून अजून एक. एचएलएचा पहिला प्रकार १९५८ मध्ये पॅरिसच्या जाँ दोसेंनी शोधला, १९८० मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल विभागून मिळालं. त्यानंतर कितीतरी वर्षं टायपिंगसाठी लागणारं सीरम यायचं ते दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बायकांच्या रक्तातून, कारण पोटातल्या बाळाचं बाबांकडून आलेलं एचएलए आईला परकं असतं आणि तिच्या रक्तात त्याविरुद्ध अँटीबॉडीज तयार होतात. साठ खड्ड्यांचा एवढासा प्लास्टिकचा ट्रे, प्रत्येक खड्ड्यात एकेका बाईचं सीरम, त्यावर पेशंटच्या पेशींचा थेंब, आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं कुठल्या खड्ड्यातल्या पेशी मेल्या. ट्रे बाहेरून यायचे, सीरम तिकडच्या बायांचं, आणि आपल्या पेशंटला बऱ्याचदा धड हो पण नाही आणि धड नाही पण नाही. आता सीक्वेन्सिंगमुळे, म्हणजे जीन थेट अक्षर अन् अक्षर वाचता येतो म्हणून, ते सगळं गेलं.

प्रश्न : माझं एका पेशंटशी मॅच आलंय, कन्फर्मेशनसाठी रक्त मागतायत. मी तयार आहे पण आई म्हणते हाडं पोखरतात, लग्न व्हायचंय तुझं. (२४ वर्षांची मुलगी, पुणे)

उत्तर : आईंना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, हाड कुणी पोखरत नाही. बहुतेक वेळा चार-पाच दिवस जी-सीएसएफचं इंजेक्शन देतात, त्याने स्टेम सेल रक्तात उतरतात, आणि मग प्लेटलेट देतात तसं मशीनला बसायचं, चार-पाच तास. इंजेक्शनच्या दिवसांत अंग दुखतं, तापासारखं कणकणतं, पॅरासिटामॉलने भागतं. काही पेशंटसाठी कमरेच्या हाडातून मगज घेतात, ते भूल देऊन, मग थोडे दिवस कंबर दुखते. जेवढं घेतलं तेवढं शरीर भरून काढतं. मुलं होण्याशी याचा संबंध नाही.

पण तुला एक स्पष्ट सांगते. नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हण, त्याबद्दल कुणी तुला बोलणार नाही. पेशंटला ट्रान्सप्लांटच्या आधी हाय डोस केमो देऊन त्याचा स्वतःचा मगज संपवतात, ते सुरू झाल्यावर डोनर मागे फिरला तर त्याच्याकडे काही उरत नाही. आईंना घेऊन काउन्सेलिंगला जा, त्यांना जे विचारायचंय ते तिथे डॉक्टरांनाच विचारू दे.

प्रश्न : वय ६८, तब्येत ठणठणीत, रोज पर्वतीला चढतो. माझं नाव घेतील का? (पुणे)

उत्तर : काका, नाही घेणार. नवीन नोंदणी साधारण पन्नाशीच्या आसपास बंद होते आणि डॉक्टर तिशीच्या आतले डोनर आधी उचलतात, तरुण डोनर असला की पेशंटचा निकाल बरा लागतो म्हणून. पर्वतीवर सकाळी जी पोरं पळायला येतात त्यांना सांगा की!